तो काही करत नाही हो!

मंडळी, आयुष्यात तीन वाक्यांवर मी कधीही विश्वास ठेवत नाही. पहिलं, "पाच मिनिटांत पोचतोच." दुसरं आमच्या धंद्यातलं, "माझ्या मशीनवर तर व्यवस्थित चालतंय." आणि तिसरं, "घाबरू नका, तो काही करत नाही हो!"

हे तिसरं वाक्य म्हणणारा माणूस नेहमी वीसेक पावलं मागे असतो. हातात पट्टा असतो, पण पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कुत्रा नसतो. कुत्रा तुमच्या पोटरीपाशी पोचलेला असतो. तुम्ही श्वास रोखून उभे, आणि मालक लांबूनच तुमचं काय चुकतंय ते समजावत असतो. "पळू नका, पळलात की त्याला खेळ वाटतो. घाबरू नका, त्याला लगेच कळतं." म्हणजे कुत्रा त्याचा, रस्ता सगळ्यांचा, आणि परीक्षा मात्र तुमची. वा!

नीट पाहिलं तर दुसरं आणि तिसरं वाक्य एकच आहे. टेस्टर सांगत असतो की प्रोग्रॅम बंद पडतोय, आणि लिहिणारा म्हणतो, माझ्याकडे चालतोय. चालणारच की! त्याच्या मशीनवर त्याला हवं ते सगळं आधीच बसवलेलं असतं. कुत्र्याचंही तसंच. मालकाच्या हातून तो खातो, मालकाच्या सोफ्यावर झोपतो, मालकाच्या पोराला कान ओढू देतो. त्याबद्दल कुणाचीच शंका नव्हती. प्रश्न असा आहे की अनोळखी माणूस, सायकल, उघडलेली छत्री, डोक्यावरचं ओझं, पळणारं पोर समोर आलं की तो काय करतो. आणि ही गोष्ट मालकाला सहसा दिसतच नाही, कारण त्याच्यासाठी तो कुत्रा कधी अनोळखी नसतोच. तेव्हा ह्या प्रकरणात सगळ्यात कमी वजनाची साक्ष कुणाची असेल, तर ती मालकाची. आणि आपण नेमकी तीच ग्राह्य धरतो.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे हमरापूर.

पेणचे गणपती सगळ्यांना माहीत असतात, पण त्यातले कितीतरी गणपती पेण शहरात नाही, तर आसपासच्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशा गावांत घडतात. पनवेल-रोहा लाईनवर जित्याच्या पुढे आणि पेणच्या अलीकडे हमरापूर स्टेशन लागतं. माझ्या मामाचा तिथे मूर्तींचा कारखाना आहे. कारखाना म्हटल्यावर चिमणी-भोंगा डोळ्यांसमोर आणू नका. पत्र्याची नाहीतर प्लॅस्टिकच्या कागदाची शेड, बांबू-फळ्यांच्या मांडण्या, आणि त्यावर ओळीने वाळत बसलेले पांढरे गणपती. काम जवळपास वर्षभर चालतं. कामाला बायका भरपूर, आणि त्या चालत येतात, चालत जातात. गणपती जवळ आले की घरी जायला रात्र होते.

त्याच पट्ट्यात आता फार्महाऊसं आहेत. पेण तालुका मुंबई-पुणेकरांच्या वीकांताच्या टप्प्यात आधीपासून होताच, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर मुंबईहून येणं आणखी सोपं झालं. येऊ देत. माझी त्याबद्दल तक्रार नाही, उद्या परवडलं तर मीही घेईन :) पण बंगल्याबरोबर कुत्रा येतो, आणि कुत्रा बंगल्याच्या कुंपणाशी थांबत नाही.

ह्या कुत्र्यांच्या दोन जाती. एक, पाळीवर असलेला. पाच दिवस केअरटेकरच्या भरवशावर साखळीला, कुणी बोलायला नाही, फिरवायला नाही. शनिवारी मालक येतो, त्याला कीव येते, आणि तो साखळी सोडतो. पाच दिवसांची सगळी कोंडलेली ताकद दोन दिवसांत गावच्या रस्त्यावर मोकळी होते. दुसरी जात म्हणजे पाहुणा. तो गाडीच्या मागच्या सीटवरून येतो, फ्लॅटमध्ये वाढलेला असतो, आयुष्यात कोंबडी पाहिलेली नसते. "इथे तरी त्याला मोकळं पळू दे" म्हणून त्याला सोडतात. त्याला मोकळं पळता यावं म्हणून बाकीच्यांनी मोकळं चालणं सोडायचं, असा तो एकूण फंडा.

गेल्या मे महिन्यात मामाच्या कारखान्यातल्या एका ताईंना असाच एक पाहुणा चावला. त्या कच्ची मूर्ती घेऊन एका शेडमधून दुसरीकडे निघाल्या होत्या, मध्ये रस्ता. आता जरा कल्पना करा. दोन्ही हातांत दोन फुटी गणपती धरलेल्या बाईला पळता येत नाही, हात उगारता येत नाही, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करता येत नाही, आणि मूर्ती टाकून देववत नाही. "घाबरू नका, स्थिर उभे राहा" हा सल्ला त्यांनी तंतोतंत पाळला असणार, कारण दुसरा पर्यायच नव्हता. कुत्र्याने पोटरी धरली. मूर्ती गेलीच.

मालक आले. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगतो. शिकलेला, नीट बोलणारा, तुमच्या-माझ्यासारखाच. त्यांनी तीन वाक्यं उच्चारली. "असं तो कधीच करत नाही." "त्याची सगळी व्हॅक्सिन्स झालेली आहेत." आणि "मूर्तीचे किती द्यायचे?" पायाचे किती, हे विचारलं नाही. पाचशेची नोट मूर्तीसाठी निघाली आणि प्रकरण त्यांच्या लेखी मिटलं. रविवारी संध्याकाळी गाडी गेली, कुत्राही गेला.

इथे थोडं तांत्रिक बोलतो, कारण त्यातच खरी मेख आहे. कुत्रा चावला की जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची (हळद, चुना, मिरची काहीही भरायचं नाही) आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. कातडीत टोचायच्या पद्धतीत दिवस असतात ०, ३, ७ आणि २८. (हो, इथेही मोजणी शून्यापासूनच!) जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत टोचायचं वेगळं सीरमही लागतं. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. पण रोजंदारीवरच्या बाईला पेणच्या चार खेपा फुकट पडत नाहीत. चार दिवसांची मजुरी आधी पूर्ण नाहीतर अर्धी बुडते, येण्याजाण्याचं भाडं वेगळं. पाय सुजलेला, तो वेगळा.

आणि दुसरी गोष्ट. चावलेला कुत्रा १० दिवस नजरेखाली ठेवायचा असतो. १० दिवसांनंतरही तो धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं मानता येतं, आणि डॉक्टर पुढचा निर्णय त्यावर घेऊ शकतात. पाळीव कुत्र्याचा बळीच्या दृष्टीने एकमेव फायदा कुठला, तर हाच, की तो सापडतो. पण इथे कुत्रा रविवारी संध्याकाळी टोलनाक्यापलीकडे. मालकाचा फोन नंबर गावात कुणाकडे नाही. लसीचं कार्ड मुंबईच्या कपाटात. म्हणजे कुत्र्याला घर आहे, नाव आहे, गळ्यात पट्टा आहे, कदाचित इन्स्टाग्रामवर खातंही असेल, पण चावलेल्या बाईच्या दृष्टीने तो भटकाच!

मी मामाला म्हटलं, "तक्रार का करत नाही?" मामा म्हणाला, "अरे, त्यांच्या बंगल्यावर आपल्या आळीतली चार माणसं कामाला आहेत. त्यांच्या पोटावर पाय देऊ?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शहरात सोसायटीत कुत्रा चावला की निदान दोन बरोबरीची माणसं भांडतात. मीटिंग होते, ईमेल फिरतात, कुणीतरी वकील असतो. गावात ज्याचा कुत्रा चावतो तोच काम देतो. म्हणून तिथून तक्रार येत नाही, आणि तक्रार येत नाही म्हणून मालकाला प्रामाणिकपणे वाटतं की आपला मोती कुणालाच त्रास देत नाही. शून्य बग रिपोर्ट म्हणजे शून्य बग, असं मानणाऱ्या मॅनेजरसारखं.

बरं, गावाला हा प्रश्न नवीन आहे का? मुळीच नाही. दुसऱ्याच्या जनावराने केलेल्या नुकसानीचं काय करायचं, ह्याचं उत्तर गावाकडे फार जुनं आहे. त्याचं नाव कोंडवाडा. इंग्रजांनी १८७१ मध्ये त्यावर कायदाच केला. तुमच्या शेतात कुणाचं गुरू घुसलं तर ते धरायचं, २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. मालकाने यायचं, दंड भरायचा, शिवाय जनावर तिथे जे खाईल त्या वैरणीचा खर्च भरायचा, आणि मग सोडवून न्यायचं. ह्यातली खुबी बघा. गाय स्वभावाने गरीब आहे की मारकी, हे कुणी विचारत नाही. "ती काही करत नाही हो" हा बचावच नाही. जनावर तुझं, ते तुझ्या हद्दीबाहेर आलं, तर भुर्दंड तुझा. संपलं.

त्या कायद्यातल्या जनावरांच्या यादीत हत्ती आहे, उंट आहे, घोडा, गाढव, खेचर, डुक्कर, शेळी, मेंढी आहे. कुत्रा नाही. आणि गंमत म्हणजे त्याच १८७१ साली इंग्रजांनी स्वतःच्या घरी, इंग्लंडमध्ये, कुत्र्यांचा वेगळा कायदा केला. कुणीही न्यायालयात जाऊन सांगावं की अमक्याचा कुत्रा धोकादायक आहे आणि आवरलेला नाही, आणि न्यायालयाने मालकाला हुकूम द्यावा की तो नीट आवर, नाहीतर त्याला संपवू. आपल्याला गुरांचा कायदा मिळाला, कुत्र्यांचा त्यांनी घरी ठेवला. :)

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. १८६० च्या दंडसंहितेत कलम २८९ होतं. जनावराबाबत निष्काळजीपणा केला आणि माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका निर्माण झाला, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १८६० मधले हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! पण तोच आकडा थेट २०२४ पर्यंत चालला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलम २९१ झालं, आणि दंडाची मर्यादा ५००० झाली. त्या पाहुण्या कुत्र्याचं पिल्लू ह्याच्या कितीतरी पट महाग मिळतं.

ह्या कलमाखाली शिक्षा होतात, पण किती वेळाने? मुंबईत नेपियन सी रोडवर २०१० मध्ये एका रॉटवायलरने एका वृद्ध गृहस्थांना चावलं. मालकाला ३ महिन्यांची शिक्षा झाली जानेवारी २०२३ मध्ये. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्कीने शेजाऱ्याला चावलं, ४ महिन्यांची शिक्षा झाली मे २०२५ मध्ये. पहिल्या प्रकरणात जवळजवळ तेरा वर्षं, दुसऱ्यात सात. एवढ्या काळात कुत्र्याचं आख्खं आयुष्य होऊन जातं. आणि ही मुंबईची माणसं, कोर्टाच्या पायऱ्या चढायची ऐपत असलेली. हमरापूरच्या ताई कुठल्या तारखांना जाणार?

आता वाचकांपैकी काही जण म्हणतील, खरा प्रश्न भटक्या कुत्र्यांचा आहे, तू पाळीव काय घेऊन बसलास? भटक्यांचा प्रश्न खराच आहे, मी नाकारत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतले भटके कुत्रे उचलायचा आदेश दिला, अकरा दिवसांत तो बदलला, नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, स्टेशनं वगैरेंच्या आवारांबद्दल आणखी एक आला. त्या काळात आमच्या ऑफिसात दोन तट पडले होते, लोक जेवायला वेगवेगळ्या टेबलांवर बसत. पण मला एक सांगा, त्या वादात एवढा जोर का होता? कारण भटक्या कुत्र्याला मालक नसतो, त्यामुळे भांडण फुकटात होतं. सरकार, महापालिका, न्यायालय, कुणालाही झोडा. पाळीव कुत्र्याबद्दल बोलायचं तर समोर एक माणूस उभा राहतो. बरेचदा तो आपला मित्र असतो. किंवा आपणच.

काहींचं उत्तर असतं, अमुक जातीच बंद करा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींबद्दल तसं पत्रक काढलंही, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. माझ्या मते जातीवर बोट ठेवणं म्हणजे मालकाला पळवाट देणं. "आमचा लॅब आहे, पिटबुल नाही" म्हटलं की हा सुटला. फाटक उघडं टाकणारा हात कुठल्या जातीच्या यादीत येतो?

आणि हो, "प्राणिमात्रांवर दया हे संविधानातलं कर्तव्य आहे" हे मला पाठ आहे. कलम ५१-क. शंभर टक्के मान्य. पण पाच दिवस साखळीला बांधणं ही कुठली दया? १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंध कायद्यात सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं हासुद्धा गुन्हा आहे. त्यात पहिल्या वेळचा दंड लिहिला गेला १० ते ५० रुपये, ही वेगळी करुण कथा. कोकणातल्या मे महिन्यात बर्फातली जात आणून पत्र्याच्या शेडखाली ठेवणाऱ्याने ताईंना दया शिकवू नये. कुत्रा ह्यात गुन्हेगार नाहीच, तो दुसरा बळी आहे. म्हणूनच कुणी "विष घालून टाका" म्हणालं की मी तिथेच थांबवतो. तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्यात मरतो तो ज्याने फाटक उघडलं नव्हतं.

"अहो, पण बंगला रिकामा असतो, राखणीला कुत्रा लागतोच." जरूर ठेवा. राखण आत करायची असते ना? मग आत ठेवा. माझा डेटा सुरक्षित राहावा म्हणून मी शेजाऱ्याची वायर कापत नाही.

तर माझं म्हणणं अगदी साधं आहे. कोंडवाड्याचा नियम कुत्र्याला लावा. स्वभाव विचारू नका, हद्द विचारा. आणि ह्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही, तुम्ही-आम्ही मालक असू तर आजपासून पाळता येईल. फाटक आपोआप बंद होणारं बसवा, ते तुमच्या बाथरूममधल्या नळाहून स्वस्त असतं. फाटकाबाहेर पट्टा, आणि पट्ट्याचं दुसरं टोक त्याला खरंच आवरू शकेल अशा मोठ्या माणसाच्या हातात. लसीच्या कार्डाची प्रत आणि तुमचा नंबर ग्रामपंचायतीत देऊन ठेवा. चावलाच, तर कुत्रा १० दिवस तिथेच राहील, त्यासाठी तुम्हाला रजा टाकावी लागली तर टाका. औषधाचा खर्च, गाडीभाडं आणि बुडालेली प्रत्येक मजुरी मागायच्या आत पोचती करा. आणि वर्षातले जेमतेम शंभर दिवस तुम्ही तिथे असणार असाल, तर राहिलेल्या दिवसांत त्याला कोण सांभाळणार ह्याचं उत्तर असल्याशिवाय कुत्रा आणूच नका.

आणि ज्यांना त्रास होतोय त्यांच्यासाठी. पहिल्यांदा अंगावर आला तेव्हाच मालकाला लेखी कळवा, तारीख टाका, प्रत ठेवा. पुढच्या वेळी "मला कल्पना नव्हती" म्हणायला जागा राहत नाही. चावल्यास दवाखान्याचा कागद घेऊन पोलिसांकडे कलम २९१. आणि बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ (पूर्वीचं १३३). धोकादायक जनावर बंदिस्त करण्याचा हुकूम उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपले प्रांतसाहेब, काढू शकतात. त्यासाठी कुणी चावून घ्यायची वाट पाहावी लागत नाही. एकट्याने अर्ज देऊ नका, आळीतल्या वीस जणांनी सह्या करा. वीस जणांना एकदम कामावरून काढून टाकणं कुठल्याच साहेबाला परवडत नाही.

ताईंचे चारही डोस झाले. पाय बरा आहे. गणपतीच्या हंगामात त्या डोळ्यांच्या आखणीला बसल्या होत्या, आणि रात्री घरी जाताना त्या आता बंगल्यावरून न जाता शेताच्या बांधाने जातात. चिखल, अंधार आणि जनावरांची भीती असलेल्या लांबच्या वाटेने. त्यांच्याच गावात. कारण शनिवार-रविवारी कुणाचा तरी लाडका मोकळा असतो, आणि तो काही करत नाही.

असो. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना राग आला असेल तर आधी उठून फाटक बघून या, मग भांडू. पुढच्या वीकांताला भेटूच.